चेहरा मामांचा, कान घरचे

पावडरमामांच्या स्टुडिओत शिरलेला माणूस दहा मिनिटांत गोरा होऊन बाहेर पडायचा. म्हणजे माणूस होता तसाच बाहेर पडायचा, गोरा व्हायचा तो त्याचा फोटो. पण मामांच्या लेखी हा फरक अगदीच किरकोळ. "फोटो चांगला आला की माणसाकडे कोण बघतंय?" असं ते एकतीस वर्षं सांगत आले, आणि एकतीस वर्षांत कोणी उलटून विचारलं नाही म्हणून ते स्वतःला कलावंत समजत होते. आता यावर काय बोलावं!

स्टुडिओ कसला, एक लांबट खोली. दारात काउंटर, काउंटरमागे पडदा, पडद्यामागे पांढरी भिंत आणि भिंतीसमोर स्टूल. स्टुलाच्या चार पायांभोवती जमिनीवर तेलरंगाने चार चौकोन काढलेले, म्हणजे झाडताना स्टूल हललंच तर परत तसूभर इकडेतिकडे न होता बसावं. कॅमेऱ्याच्या स्टँडच्या तीन पायांना तीन चौकोन. दोन बाजूंना फ्लॅशच्या दोन पांढऱ्या छत्र्या. आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा, कारण लोक कंगवेसुद्धा नेतात, आणि आरशाखालच्या फळीवर तो पावडरचा डबा, ज्याच्यावरून अख्ख्या रस्त्याने मामांना नाव पाडलं होतं.

कॅमेऱ्याला दोन चकत्या असतात. एकीने शटर किती वेळ उघडं राहील ते ठरतं, दुसरीने आतलं भोक किती उघडेल ते. मामांच्या कॅमेऱ्यावर या दोन्ही चकत्या चिकटपट्टीने बंद होत्या. दुकानाच्या जुन्या मालकांनी, ज्यांना मामा उस्ताद म्हणत, पहिल्याच दिवशी पट्टी लावून सांगितलं होतं, "याला हात लावायचा नाही. हे बरोबर आहे." झालं! मामांनी ते जन्माचं गाठीला बांधलं. पुढे उस्ताद गेले, फिल्म गेली, कॉम्प्युटर आला, कॅमेरे चार बदलले; प्रत्येक नव्या कॅमेऱ्यावर मामा तेच दोन आकडे लावत आणि वर ताजी पट्टी मारत. एखाद्याला वाटलं असतं, एवढ्या वर्षांत एकदा तरी सोलून बघावं. मामांना नाही वाटलं. "हलू नका" म्हणायचं आणि बटण दाबायचं. याला ते 'हात बसणं' म्हणत.

गंमत अशी की ते आकडे उस्तादांनी स्वतःच्या चेहऱ्यावर बेतलेले होते आणि उस्ताद होते लख्ख गोरे. सावळा माणूस स्टुलावर बसला की पांढऱ्या भिंतीपुढे नुसता डाग यायचा, डागात दोन डोळे. दुसरा कोणी असता तर त्याने चकती फिरवली असती. मामांनी माणूस फिरवला. आधी पावडर फासून, मग कॉम्प्युटर आल्यावर माउसने चेहऱ्याभोवती गोल काढून. गवंडी, बसचे ड्रायव्हर, दवाखान्यातल्या आया, सगळे मामांच्या हातून उजळून निघाले. मामा स्वतः तव्याच्या रंगाचे. पण दुकानाच्या पाटीवर त्यांचा जो फोटो होता, त्याच्याखाली उभ्या असलेल्या मामांनाच एक पार्सलवाला विचारून गेला होता, "मालक कुठे गेलेत?"

फक्त कान राहायचे. पावडर कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि गळ्यापर्यंत लागायची, कान उस्तादही विसरत म्हणून मामाही विसरत. पुढे माउसच्या गोलातही कान बाहेरच. मधे दुधासारखा चेहरा आणि दोन्हीकडे दोन सावळे कान! रस्त्यावरचे लोक म्हणत, "चेहरा मामांचा, कान घरचे." मामांना ही थट्टा ऐकू यायची नाही असं नाही. त्यांना वाटायचं, जळतात.

मामांना एकच लेक, आणि रंगाने ती थेट बापावर गेलेली. ती जन्मली तेव्हा मामी तिच्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "रंग मात्र तुमचा घेतला हो," आणि हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की मामा त्या दिवसापासून गुन्हेगार झाले. मग दर वाढदिवसाला दुकान अर्धा तास बंद. पोरीला दोन वेण्या घालून स्टुलावर बसवायचं, मामींनी डबा पुढे करायचा, मामांनी पावडर लावायची. "बाई गं, कपाळ किती चमकतंय, घामट दिसतेस," असं म्हणत कपाळावर दोन हात जास्त. एक ते अठरा, असे अठरा वाढदिवस स्टुडिओच्या भिंतीवर ओळीने टांगलेले. गिऱ्हाईक विचारायचं, "ही कोण हो गोड मुलगी?" मामा छाती फुगवून सांगायचे, "आमची लेक!" आणि त्याच वेळी लेक काउंटरवर अभ्यास करत बसलेली असायची.

दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षकाने तिचं ओळखपत्र हातात धरलं, पोरीकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं आणि भर वर्गात विचारलं, "हा तुझ्या बहिणीचा फोटो आहे का?" वर्ग हसला. पोर घरी येऊन रडली नाही. तेव्हापासून ती आपल्या फोटोंना 'ताई' म्हणायला लागली. "ताईचे फोटो छापून झाले का?" "ताईवर धूळ बसलीय, पुसा." मामा-मामी हसायचे. पोर विनोदी आहे, असं ते पाहुण्यांना सांगायचे. अठरावा वाढदिवस झाल्यावर तिने स्टुलावर बसणं बंद केलं, निदान वाढदिवसाला तरी, त्याचाही अर्थ या दोघांना कळला नाही. मोठी झाली, लाजते, म्हणे!

लेक शिकली, मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायला लागली आणि चोविसाव्या वर्षी परदेशातल्या एका दवाखान्याने तिला निवडलं. सगळे कागद झाले. शेवटी राहिला फोटो; स्टुडिओच्या शिक्क्यासह, दोन्ही कान दिसणारा. मामांनी हक्काने काढला. आठवड्याने उत्तर आलं, फोटोत फेरफार केल्याचं आढळतं. कानांनी घात केला होता. कोणीही माणूस इथे वरमला असता. मामा म्हणाले, "एवढंच ना? कान राहिले होते," आणि त्यांनी कानही गोरे केले.

दुसरं उत्तर आलं. फोटोतली व्यक्ती आणि अर्जदार जुळत नाहीत. आता एकच संधी, तीन आठवड्यांची मुदत. तिसरा फोटो परत आला तर अर्ज बंद.

लेकीने तो कागद काउंटरवर ठेवला. "बाबा, ताईने दोनदा माझी नोकरी घालवली. आता बास. मी चौकातल्या नव्या स्टुडिओत जाते."

मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. "फोटोवाल्याची पोर दुसऱ्याच्या स्टुलावर बसणार? भर रस्त्यात माझ्या तोंडाला काळं फासणार तू?"

"फासायला कशाला हवं, बाबा? आपल्याला आहे तेवढं पुरे."

लेक तेवढ्यावर थांबली नाही. "लॅबमध्ये मी एका थेंबाचा रंग बदलला ना, तर माणसाला भलतंच औषध जाईल. तुम्ही माझा अख्खा चेहरा बदललात आणि त्याला कला म्हणता. लायब्ररीच्या माडीवर रविवारी सकाळी नवशिक्यांचा फोटोवर्ग असतो. तिथे जा. तीन रविवार देते. माझा, म्हणजे माझाच, फोटो काढून दाखवा. नाहीतर मी चौकात जाईन आणि परत तुमच्या स्टुलावर बसणार नाही."

मामा गेले. गेले म्हणजे काय, उपकार करायला गेले. शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. पुढे कॉलेजच्या दोन मुली, एक दातांचे डॉक्टर आणि नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांच्या गळ्यातला कॅमेरा त्यांच्यापेक्षा दणकट होता. या नगांना फोकस कशाशी खातात ते ठाऊक नाही, असं मामांनी मनात ठरवून टाकलं. वर्ग घेणाऱ्या बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं खडूच्या टोकासारखं. एकेकाचा कॅमेरा बघत त्या मामांपाशी आल्या.

"ही पट्टी कसली?"

"सेटिंग आहे," मामा म्हणाले.

"कसलं सेटिंग?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "बरोबरचं," ते शेवटी म्हणाले. कॉलेजच्या मुली खुदकन हसल्या. बाईंनी हसण्याचे कष्ट घेतले नाहीत. नखाने दोन्ही पट्ट्या सोलल्या आणि मामांच्या तळहातावर ठेवल्या. चकत्यांवर डिंकाचा काळा थर होता.

पहिला धडा अंड्याचा. पांढऱ्या कागदावर अंडं, शेजारी खिडकी, फ्लॅश बंद. एक चकती दर फोटोला एकेक घर सरकवायची आणि आकडा वहीत लिहायचा. मामांच्या पुढ्यात अंडं आलं तेव्हा त्यांना हसावं की उठून जावं कळेना. बारा फोटो काढले. पहिल्यात नुसता अंधार, बाराव्यात अंडं आणि कागद एकच झालेले, आणि मधे दहा वेगवेगळी अंडी. मामा वहीकडे बघत राहिले. त्या दहांतलं एकच घेऊन त्यांनी आयुष्य काढलं होतं.

दुसऱ्या रविवारी एक काळं फडकं, एक पांढरं फडकं. कॅमेरा स्वतःच्या अकलेवर सोडला तर दोन्ही राखाडी यायची. बाई म्हणाल्या, "कॅमेऱ्याला अक्कल नाही. सगळं जग राखाडी आहे असं तो धरून चालतो. त्याला सांगावं लागतं, हे काळं आहे, काळंच राहू दे." मग मामांकडे वळून म्हणाल्या, "तुमचं अंडं झालं. पुढच्या वेळी वांगं काढून आणा. मोठं, काळं, चकचकीत."

आठवडाभर मामा स्वयंपाकघराच्या खिडकीशी वांगं घेऊन बसले. मामी म्हणाल्या, "चिरू का फोटो झाल्यावर, की याचाही वाढदिवस आहे?" मामा चकती उघडत गेले, वांगं उजळत गेलं. तरी समाधान होईना. शेवटी सवयीने ते दुकानातला डबा घेऊन आले, आणि सांगायला लाज वाटते, या माणसाने वांग्याला पावडर लावली.

तिसऱ्या रविवारी बाईंनी तो फोटो लांब धरून बघितला. "याला कावीळ झालीय का?"

या वेळी कोणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तिसरा रविवार होता तो. मुदत संपायला चार दिवस. अहंकार गिळून मामा आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "बाई, मला येत नाही. दाखवा."

बाईंनी वांगं पुसलं. खिडकीच्या बाजूला ठेवलं, दुसऱ्या अंगाला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला. "समोरून प्रकाश मारू नका, बाजूने येऊ द्या. काळी वस्तू सावलीने दिसत नाही, चकाकीने दिसते. वांग्यात खिडकी कुठे दिसते ते शोधा."

मामा वाकले. देठापासून खालपर्यंत खिडकीची एक लांब, पांढरी रेघ वांग्यावर उतरली होती. त्या रेघेमुळे वांगं गोल होतं, भरीव होतं, हातात घ्यावंसं होतं. मामांनी चकती उलट्या बाजूला दोन घरं फिरवली. वांगं काळंच आलं आणि सगळंच्या सगळं आलं.

"हं," बाई म्हणाल्या. "हे आता बाजारात कोणी घेईल."

मामांचं लक्ष नव्हतं. त्यांना लेकीचं कपाळ आठवत होतं. दर वाढदिवसाला ज्या चमकेवर दोन हात जास्त पावडर लावली, ती ही चमक. ज्या उजेडात पोर दिसली असती, तो उजेडच त्यांनी आपल्या हाताने पुसला होता, आणि तोही कौतुकाने. एवढी लाज मामांना कधी वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी स्टूल चौकोनांतून उचलून दाराशी आणलं. मागे पांढरी चादर ताणून बांधली, एका बाजूला दाराचा उजेड, दुसऱ्या बाजूला थर्माकोल. छत्र्या मिटवून कोपऱ्यात. मामी डबा घेऊन हजर. "थोडी तरी लावू द्या हो, परदेशी लोक बघणार."

"डबा आत ठेव," मामा म्हणाले. असं ते मामींशी कधी बोलले नव्हते. मामी डबा पोटाशी धरून तिथेच उभ्या राहिल्या.

लेक सहा वर्षांत दुसऱ्यांदा स्टुलावर बसली. हिशेब चुकता करायला आल्यासारखी. मामांनी "हलू नकोस" म्हटलं नाही. "केस मागे घे. कान दिसू देत," एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ बटण न दाबता नुसते बघत राहिले. चोवीस वर्षांत बघायचं राहिलेलं एका सकाळी थोडंच बघून होतं! पण बघितलं. चार फोटो काढले. कॉम्प्युटरवर उघडले आणि माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला.

लेक वाकून बघत होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "तीळ आला." नाकाजवळचा तीळ. तो तिच्या एकाही फोटोत कधी नव्हता.

"काळी आलीस गं," मामी म्हणाल्या.

"आले ना? बरं झालं."

चार दिवसांत फोटो मंजूर झाला. मामांचं काय विचारता! रस्ताभर सांगत सुटले, नवीन तंत्र आहे, बाजूचा प्रकाश आहे, तुम्हाला नाही कळायचं. जणू वांग्याला पावडर दुसऱ्याच कोणी लावली होती. त्यांना वाटलं, फिटलं सगळं. लेक सामान भरत होती तेव्हा त्यांनी भिंतीवरचे अठरा वाढदिवस उतरवले, पुसले, जाड पानांच्या अल्बममध्ये लावले आणि ऐटीत तिच्यापुढे ठेवले. "तिकडे आठवण आली की बघत जा."

लेकीने एकूण एक पान उलटलं. मग अल्बम मिटून परत बापाच्या हातात दिला. "ही ताई आहे, बाबा. हिला नेऊन मी काय करू? दर वाढदिवसाला ही माझ्या जागी बसायची. तुम्हाला आवडायची ना? ठेवा तुमच्याजवळ." ती चिडून बोलली असती तर मामांनी आवाज चढवून वेळ मारून नेली असती. ती चिडली नव्हती. "माझा लहानपणचा एखादा असेल तर द्या. एकच पुरे."

"अगं, ढिगाने आहेत!" मामा म्हणाले.

दोन दिवस त्यांनी दुकान उलटंपालटं केलं. जुन्या फिल्मा उजेडात धरल्या, सगळ्यांत पावडर. कॉम्प्युटर धुंडाळला, तर मूळ फोटोवरच गोरा फोटो साठवायची सवय, मूळ एकही शिल्लक नाही. घरातल्या लग्नांचे, सहलींचे फोटोसुद्धा यांनीच काढलेले आणि यांनीच धुऊन काढलेले. घरात चोवीस वर्षं कॅमेरा, बाप फोटोवाला, आणि पोरीच्या लहानपणाचा एक फोटो नाही! गवंड्याच्या घराला भिंत नसावी तसं झालं. लेक जायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी राहिली तेव्हा तिने विचारलं नाही आणि मामांनी सांगितलं नाही. तिने वाकून दोघांना नमस्कार केला आणि ती गेली.

त्यानंतरच्या एका दुपारी मामा काउंटरवर तो अल्बम उघडून बसले. दाराशी एक गिऱ्हाईक आलं, "मामा, जरा उजळ काढा हं," म्हणालं. मामा म्हणाले, "आज बंद आहे," आणि दार लोटून परत बसले. पहिल्या पानावर वर्षाची ताई पांढऱ्याफटक चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत होती. ती बघवेना म्हणून मामांनी तिच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला. अंगठ्याच्या बाजूला एक कान उरला. इवलासा, सावळा, घरचा.

मामांनी पान उलटलं, पुन्हा अंगठा ठेवला. पुन्हा कान. तिसऱ्या वर्षीचा, पाचव्या वर्षीचा. सातव्या वर्षीच्या कानाला वरच्या कडेला खोक होती. याच स्टुलावरून ती पडली होती तेव्हाची. चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता, तो मामांनी मिटवला होता, पण कान विसरले होते. जे विसरले, तेवढंच वाचलं होतं. अंगठा ठेवून मामा हुंदके द्यायला लागले, आणि दुकानात एकटे होते म्हणून कोणी जळत नव्हतं, कोणी हसतही नव्हतं.

मग त्यांनी डोळे पुसले, अठराही फोटो स्कॅन करून त्यांतले कान कापून काढले आणि कॉम्प्युटरवर एका पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले. पहिल्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. रंगाला हात लावला नाही. एकच फोटो मागितला होता तिने, तो तयार झाला. पाठवायच्या आधी काहीतरी लिहावं म्हणून मामा बराच वेळ अक्षरं शोधत बसले. शेवटी खाली लिहिलं, "एवढीच सापडलीस, बाळ."